चोपन्न मुलं, चौदा लोलक: साध्या शाळेत भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं कशी उभी करावीत

कळव्यातल्या एका शाळेत नववीच्या विद्युतधारेच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसले होते. शिकवणाऱ्या बाई मनापासून तयारी करून आल्या होत्या. टेबलावर सेल, स्विच, रोध, ॲमीटर, व्होल्टमीटर नीट मांडलेलं होतं. ५४ मुलं टेबलाभोवती दाटीवाटीनं उभी राहिली, परिपथ जुळला, काटा हलला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. तास संपताना ५४ प्रयोगवह्यांत एकसारखी वाचनं उतरली. माझ्या हातात बाकांचा तक्ता होता. ज्या मुलानं एखाद्या वस्तूला हात लावला, त्याच्या जागेवर मी रेघ मारत होते. तास सुटला तेव्हा रेघा ७ जागांवर होत्या. त्यातल्या ५ पहिल्या रांगेतल्या. मुलगी एकच.

तेव्हापासून मी साहित्याची यादी करण्याआधी रेघा मोजते. कपाट भरलेलं असलं म्हणजे मुलांना प्रयोग मिळतो असं नाही. वस्तू एका मुलाच्या हातात किती वेळ राहिली, हा हिशेब मांडावा लागतो. ३५ मिनिटांच्या तासात एकच संच ५४ मुलांना अगदी काटेकोर वाटला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३९ सेकंद येतात. तेच चार-चार मुलांचे १४ गट करून १४ संच दिले, तर प्रत्येकाला जवळपास ९ मिनिटं मिळतात. ३९ सेकंदांत मूल वस्तू बघतं. ९ मिनिटांत चुकतं, पुन्हा करतं, आणि दुसऱ्यांदा जमतं.

ठाणे, कळवा, मुंब्रा, दिघा, ऐरोली, तुर्भे या पट्ट्यातल्या महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतले शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. शनिवारचे दोन तास द्यायची तयारी असलेले पालक आणि आसपासच्या कारखान्यांतले इंजिनिअर यांनाही ते उपयोगी पडेल.

पहिली पायरी: रेघा मारा

काहीही विकत घेण्याआधी एक प्रात्यक्षिकाचा तास नेहमीसारखाच होऊ द्या आणि मोजणी करा. शिकवता शिकवता मोजता येत नाही, म्हणून दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांना मागे बसवा. कोऱ्या कागदावर बाक काढायचे. मुलानं साहित्य हाताळलं की उभी रेघ, स्वतः वाचन घेतलं की आडवी. मुलांना काही सांगायचं नाही. असे दोन तास मोजले की चित्र स्पष्ट होतं.

मग कोऱ्या जागांकडे बघा. माझ्या तक्त्यांमध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. मुलींच्या हातात पेन असतं आणि मुलांच्या हातात यंत्र, कारण ‘तिचं अक्षर चांगलं आहे’. पाणी भरून सकाळच्या सत्राला दहा मिनिटं उशिरा पोचणाऱ्याला गटात फक्त उभं राहायची जागा उरते. गावाहून नुकतं आलेलं किंवा दुसऱ्या माध्यमातून आलेलं मूल शब्द कळत नाही म्हणून मागे सरकतं. चष्म्याची गरज असून चष्मा नसलेलं मूल काट्याचं वाचन शेजाऱ्याच्या वहीतून घेतं. यातलं कोणतंही मूल ‘मला मिळालं नाही’ असं सांगायला येत नाही. हा तक्ता कुणाला दाखवून नावं ठेवण्यासाठी नाही. तो टाचणवहीत ठेवा, सहा महिन्यांनी परत लागणार आहे.

दुसरी पायरी: थोडंच निवडा, पण १४ वेळा

राज्य मंडळाच्या नववीत गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, विद्युतधारा, प्रकाशाचे परावर्तन, ध्वनी असे धडे आहेत. दहावीच्या पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, अपवर्तन, भिंगं. एवढ्या सगळ्यांवर एका वर्षात साहित्य उभं करायला गेलात तर प्रत्येक गोष्टीचा एकच नग येईल आणि आपण पुन्हा टेबलापाशी उभे राहू. पहिल्या वर्षी तीनच प्रयोग घ्या. निवडताना मी तीन गोष्टी बघते. १४ संच परवडायला हवेत. उत्तर बरोबर आलं की नाही हे मुलांना स्वतः ताडून पाहता यायला हवं. आणि एक संच चपलेच्या खोक्यात मावायला हवा.

विज्ञान प्रदर्शनातल्या मॉडेलांपासून मात्र सुरुवात करू नका, असं माझं ठाम मत आहे. मॉडेल दोन मुलं करतात, बऱ्याचदा त्यांचे पालक करतात, आणि बाकीची ५२ मुलं रांगेतून बघून जातात.

मुख्याध्यापकांना पटवताना गुणांचा हिशेब समोर ठेवा. दहावीला विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. बारावीला भौतिकशास्त्राच्या १०० पैकी ३० प्रात्यक्षिकाचे. अकरावीत गेल्यावर पहिल्यांदा उपकरण हातात धरणारी मुलं तिथे अडखळतात, हे कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांना विचारा.

लोलक

इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे. लोलक म्हणजे धाग्याला टांगून झुलवलेलं वजन. हा प्रयोग नीट बसला तर मोजणं, चूक शोधणं आणि गटात काम करणं, हे सगळं एका तासात शिकवता येतं.

एका गटासाठी लागतं ते असं: बोटाएवढ्या जाडीच्या बोल्टला लागतो तो लोखंडी नट, मीटरभर तंगूस, एक बाइंडर क्लिप, एक लाकडी मोजपट्टी आणि शिंप्याची टेप. नट हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळतात. तंगूस म्हणजे गळाला लावतात तो नायलॉनचा धागा. आपल्या खाडीकाठच्या गावांत तो कुठेही मिळेल. शिवणाचा दोरा घेऊ नका. तो ताणला जातो आणि त्याचा पीळ सुटताना नट गरगर फिरतो. मोजपट्टी बाकाच्या कडेबाहेर चार बोटं काढायची, आतल्या भागावर दप्तर ठेवायचं, म्हणजे ती हलत नाही. बाहेरच्या टोकाला तंगूस क्लिपनं दाबून धरायचा आणि नट खाली लोंबकळू द्यायचा. लांबी बदलायची तर क्लिप उघडून धागा ओढला की झालं, गाठी सोडायला लागत नाहीत.

लांबी मोजायची ती मोजपट्टीच्या खालच्या कडेपासून नटाच्या मध्यापर्यंत. गटाला चार लांब्या द्या: २५, ३६, ४९ आणि ६४ सेंटीमीटर. हे आकडे मुद्दाम घेतले आहेत. ते ५, ६, ७, ८ यांचे वर्ग आहेत आणि लोलकाचा आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ठाण्यात २० आंदोलनांना साधारण २०.१, २४.१, २८.१ आणि ३२.१ सेकंद लागतात. प्रत्येक पायरीला बरोबर ४ सेकंदांची वाढ. हा चढता क्रम फळ्यावर उमटतो तेव्हा गणितात मागे पडलेली मुलंसुद्धा मान वर करतात. आकडे तुम्ही आधी सांगू मात्र नका.

नट मधून उजवीकडे जाताना ‘शून्य’ म्हणायचं आणि घड्याळ सुरू करायचं. पुन्हा तसाच उजवीकडे जाताना ‘एक’. असं वीसपर्यंत. एकच आंदोलन मोजलं तर हाताला लागणारा वेळ निकाल बिघडवतो. २० मोजून भागाकार केला की तीच चूक विसाव्या हिश्शावर येते. मुलांनी हे दोन्ही करून बघावं, नुसतं सांगून पटत नाही.

घड्याळासाठी फोन लागेलच असं नाही. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावरही ४ सेकंदांचा फरक स्वच्छ दिसतो. म्हणूनच मी हा प्रयोग पहिला घ्यायला सांगते.

आता गटातली कामं. एक जण नट सोडतो, एक मोठ्यानं मोजतो, एक घड्याळ सांभाळतो, एक लिहितो. लांब्या चार आणि मुलं चार. प्रत्येक लांबीनंतर काम बदलायचं, म्हणजे तास संपेपर्यंत चौघांनीही चारही कामं केलेली असतात. ‘पुढच्या प्रयोगाला बदलू’ म्हणाल तर ते कधीच होत नाही. बदल प्रत्येक वाचनाला व्हायला हवा. दर सात मिनिटांनी टाळी वाजवा आणि ‘उजवीकडे सरका’ म्हणा. पेन मुलीच्या हातात अडकून राहण्यावर मला सापडलेला हा सगळ्यात साधा उपाय आहे. त्यासाठी भाषण द्यावं लागत नाही आणि कुणाला वेगळं काढावं लागत नाही. उशिरा आलेलं मूलही जिथे येईल तिथून फेरीत शिरतं. गट पाच जणांचा झाला तर पाचवं काम ‘तपासनीस’ ठेवा, तो प्रत्येक वेळी लांबी पुन्हा मोजेल.

चुकलेल्या आकड्यांना या प्रयोगात खूप किंमत आहे. २५ सेंटीमीटरला एखाद्या गटाचं उत्तर १९ सेकंद आलं, तर त्यांनी शून्याऐवजी ‘एक’पासून मोजायला सुरुवात केली. १० आलं तर मधून जाताना प्रत्येक वेळी मोजलं, म्हणजे अर्धं आंदोलन एक धरलं. २०.५ च्या आसपास आलं तर टेप नटाच्या मध्याऐवजी वरच्या कडेपर्यंत धरली असण्याची शक्यता आहे, म्हणजे लोलक प्रत्यक्षात सेंटीमीटरभर लांब आहे. सुरुवातीलाच नट फार लांब ओढून, ३० अंशांपर्यंत सोडला, तरी वेळ दीडेक टक्क्यानं वाढतो. म्हणून दहा अंशांच्या आत ठेवायचं. फळ्यावर १४ गटांचे ५६ आकडे लिहा आणि वेगळा पडलेला आकडा कुणाचा, हे न विचारता ‘असा आकडा यायला काय झालं असेल?’ एवढंच विचारा. मुलं शोधून काढतात. ज्या गटाची चूक होती तोच बहुतेक वेळा आधी हात वर करतो.

दहावीला हाच प्रयोग गुरुत्व त्वरणापर्यंत, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदानं वाढतो तिथपर्यंत, न्या. मीटरमधल्या लांबीला ३९.४८ ने गुणायचं आणि आवर्तकालाच्या वर्गानं भागायचं. ध्रुवावर ९.८३, विषुववृत्तावर ९.७८ हे मुलं धड्यात वाचतात. आपल्या अक्षांशावर ते ९.७९ च्या जवळ आहे. नट आणि तंगूस घेऊन कोपरीतल्या मुलीनं ९.७ काढलं तर तिनं पृथ्वीबद्दलची एक गोष्ट स्वतः मोजली आहे. तिच्या वहीत ९.८ करून घेऊ नका. तिचं वाचन तसंच राहू द्या.

भिंगं, आजीच्या चष्म्यासह

हातात धरायची भिंगं जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा कोणत्याही मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतील. खिडकीसमोरच्या भिंतीवर किंवा वहीच्या कोऱ्या पानावर बाहेरच्या इमारतीची उलटी प्रतिमा पाडायची आणि भिंगापासून पानापर्यंतचं अंतर मोजायचं. वस्तू बरीच दूर असल्यामुळे ते जवळजवळ नाभीय अंतरच असतं. मग वस्तू म्हणून फोनच्या पडद्यावर काढलेला बाण किंवा मेणबत्ती घ्या. नाभीय अंतर १० सेंटीमीटर असेल तर वस्तू २० वर ठेवली की प्रतिमाही २० वर आणि वस्तूएवढीच पडते. वस्तू ३० वर नेली तर प्रतिमा १५ वर येते, १५ वर आणली तर ३० वर जाते. हा अदलाबदलीचा खेळ मुलांना फार आवडतो.

दहावीच्या धड्यात भिंगाची शक्ती येते. त्यासाठी घरातल्या कुणाचा तरी जुना, वाचायचा चष्मा मागवा. अधिक २ नंबर असेल तर नाभीय अंतर अर्धा मीटर, अधिक २.५ असेल तर ४० सेंटीमीटर. मुलं मोजतात आणि नंबर ओळखतात. ज्यांच्या घरी असा चष्मा नाही त्यांच्यासाठी शाळेत चार जास्तीचे ठेवा. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, ही एकच सूचना प्रत्येक वेळी, प्रत्येक गटाला, न कंटाळता द्यायची.

वीज, आणि मल्टीमीटर का बिघडतात

दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळणारा साधा पिवळा डिजिटल मल्टीमीटर शाळेला पुरतो. १४ घ्यायची ऐपत नसेल तर ७ घ्या आणि अर्ध्या वर्गाला त्याच तासाला लोलक द्या. सोबत पेन्सिल सेल, सेलचे होल्डर, मगरचिमटे लावलेल्या वायरी, टॉर्चचे बल्ब आणि ३६ गेजची निक्रोमची तार. इलेक्ट्रॉनिक्सचं साहित्य लॅमिंग्टन रोडला आणि विजेचं लोहार चाळीत एकत्र घेतलं तर स्वस्त पडतं. दोन-तीन शाळांनी मिळून यादी केली तर आणखी.

मल्टीमीटर बंद पडायचं कारण जवळपास नेहमी एकच असतं. चकती विद्युतधारेवर ठेवून मुलं वायरी थेट सेलच्या दोन टोकांना लावतात आणि आतला फ्यूज जातो. यावर उपाय म्हणजे निम्म्या मल्टीमीटरांवर ‘व्होल्ट’ लिहायचं आणि चकतीभोवतीच्या विद्युतधारेच्या खुणा चिकटपट्टीनं झाकून टाकायच्या. उरलेल्या मल्टीमीटरांवर ‘ॲम्पिअर’ लिहायचं आणि ते परिपथात रोधासोबत एकसरीत जोडल्याशिवाय स्विच दाबायचा नाही, असा नियम. फ्यूजची एक डबी कपाटात असू द्या. फ्यूज गेला म्हणून मुलाला रागावलात तर पुढच्या तासाला ते मूल मीटरला हात लावणार नाही आणि तुमच्या तक्त्यावर ती जागा पुन्हा कोरी राहील.

निक्रोमची एक मीटर तार मोजपट्टीवर ताणून चिकटवा. या जाडीच्या तारेचा रोध मीटरला साधारण ३५ ते ४० ओहम भरतो. १०० सेंटीमीटर, ७५, ५० आणि २५ अशा चार लांब्यांना एका सेलवर विद्युतधारा मोजायची. पुन्हा चार वाचनं, चार मुलं. २५ च्या खाली जाऊ नका, मीटरची २०० मिलिॲम्पिअरची मर्यादा ओलांडली जाते आणि तार गरम होते. घरातल्या प्लगमधली वीज या प्रयोगांत कुठेही नाही, कधीच नाही. ॲडॉप्टरसुद्धा नको.

बिनपैशाचा एक प्रयोग

ठाण्याचा अक्षांश उत्तर १९.२ अंश. २१ मार्चच्या आसपास दुपारी पाऊणच्या सुमारास सूर्य आकाशात सगळ्यात उंच येतो तेव्हा १ मीटर उभ्या काठीची सावली ३५ सेंटीमीटर पडते. दर ५ मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं टिपायचं, सगळ्यात आखूड सावली शोधायची आणि कागदावर त्रिकोण काढून काठीच्या वरच्या टोकापाशी होणारा कोन मोजायचा. तो कोन म्हणजेच आपला अक्षांश. एखाद-दोन दिवस मागंपुढं झालं तर सेंटीमीटरभराचा फरक पडतो. मैदान नसलेल्या शाळेनं गच्ची वापरावी. सावली पूर्णपणे पायाखाली जाण्याचा दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो, पण मेच्या मध्यावर शाळेला सुट्टी असते आणि जुलैच्या शेवटी आभाळ भरलेलं असतं. म्हणून मार्च किंवा २३ सप्टेंबर बरा. सप्टेंबरात सूर्य साडेबाराच्या सुमारासच सगळ्यात उंच येतो.

फोन वापरायचा तर

आखेन इथल्या विद्यापीठानं बनवलेलं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे आणि ते फोनमधलेच संवेदक वापरतं. त्यातलं आवाजावर चालणारं घड्याळ मला फार मोलाचं वाटतं. दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या फोनजवळ टाळी वाजली की दोन्ही घड्याळं सुरू होतात, दुसऱ्याजवळ वाजली की थांबतात. दोन्ही वेळांमधला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ. आपल्या ३० अंशांच्या दुपारी तो ०.०२९ सेकंदांच्या जवळ येतो, म्हणजे वेग सेकंदाला साधारण ३४९ मीटर. रेल्वेमार्गाजवळच्या शाळेनं ॲपमधलं घड्याळ ज्या आवाजाला सुरू होतं ती पातळी वाढवून घ्यावी, नाहीतर लोकलचा भोंगाच घड्याळ सुरू करतो.

फोनमुळे एक नवी दरी तयार होते, तिकडे लक्ष ठेवा. ज्याचा फोन त्याच्याच हातात तो राहतो. म्हणून मुलांचे फोन नकोत. शिक्षकांचे दोन-तीन, किंवा कुणी दिलेले जुने फोन शाळेच्या कपाटात ठेवा. सिमकार्ड नसलेल्या फोनवरही हे ॲप चालतं.

कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केलेल्या फेट प्रकल्पाची आभासी प्रात्यक्षिकंही मोफत आहेत आणि कित्येक मराठीतून आहेत. ती प्रयोगानंतर दाखवा. आधी तंगूस आणि नट, मग पडद्यावरचा लोलक चंद्रावर नेऊन बघायचा. क्रम उलटा केला तर मुलांना खरा नट कंटाळवाणा वाटतो, कारण तो चुका दाखवतो.

घरी काय सांगू नये

‘घरी करून या’ या तीन शब्दांतून वर्गातली विषमता सगळ्यात जास्त आत शिरते. लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभं राहून बघा, हे घणसोलीच्या टॉवरमधल्या मुलीला जमेल, दिघ्याच्या डोंगरावरच्या मुलीला नाही. फ्रिजमधला बर्फ, थर्मामीटर, प्रिंटआउट, मोठ्या माणसाची मोकळी संध्याकाळ, यातलं काहीही गृहीत धरू नका. घरचं काम बघण्याचं द्यावं: नळ मोठा केल्यावर बादली भरताना आवाज कसा चढत जातो, कुकरच्या दोन शिट्ट्यांत किती वेळ जातो, रात्री दिव्याखालून चालताना सावली कशी लांबते. साहित्य लागणारं काम शाळेतच, शाळेच्या वेळात.

सहलीलाही हाच नियम. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वाशीच्या पुढच्याच स्टेशनवर, मानखुर्दला आहे. १९७४ पासून तिथे शाळांसाठी काम होतं आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, २८ फेब्रुवारीच्या सुमारास मुलांना जाता येतं. शिक्षकांनी एकदा स्वतः जाऊन यावं. पण पैसे भरलेल्यांनाच नेणार असाल तर नेऊ नका. लोकलचं तिकीट शाळेच्या निधीतून काढा आणि अख्खा वर्ग न्या.

भाषा

मराठी माध्यमातली मुलगी दहावीला ‘नाभीय अंतर’ शिकते आणि अकरावीत तिला ‘फोकल लेंग्थ’ ऐकू येतं. तिला विषय येत असतो, शब्द येत नाही, आणि दोन महिने ती स्वतःला ढ समजते. आठवीपासूनच प्रत्येक संचाच्या खोक्यावर दोन्ही शब्द देवनागरीत लिहा: लोलक – पेंड्युलम, रोध – रेझिस्टन्स, विभवांतर – पोटेन्शिअल डिफरन्स, आवर्तकाल – टाइम पीरिअड. मुंब्र्याच्या उर्दू किंवा वागळे इस्टेटच्या हिंदी माध्यमातल्या शाळेसोबत खोकी वाटून घेत असाल तर त्यांचे शब्दही त्यावर असू द्या. वाचन घेताना मुलांनी घरच्या बोलीत बोललं तर थांबवू नका. ‘झोका’ म्हणाली तर म्हणू द्या, वहीत ‘आंदोलन’ लिहिलं की पुरे.

दिसत नाही किंवा कमी दिसतं अशा मुलासाठी टेपवर दर ५ सेंटीमीटरला दोऱ्याची गाठ शिवून घ्या आणि परिपथात बल्बऐवजी ३ व्होल्टचा बझर जोडा. लोलकात तो मोजणारा होऊ शकतो: बोट नटाच्या वाटेजवळ, त्याला न अडवता धरलं की वाऱ्याचा हलका स्पर्श कळतो. हे एका मुलानं मला शिकवलं.

पैसे कुठून

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. तिथे यादी मांडा, आणि यादीसोबत तो रेघांचा तक्ता. आयांना ७ रेघांचा अर्थ लगेच कळतो. मग ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांत शिक्षण आहे. पत्रात ‘प्रयोगशाळेला मदत करा’ असं मोघम लिहू नका. ‘नट २८, बाइंडर क्लिपा २८, मल्टीमीटर १४, पेन्सिल सेल दर तिमाहीला १००’ असं लिहा. आणि संपणाऱ्या वस्तूंसाठी ३ वर्षांचा शब्द मागा. मोठा पडदा द्यायला लोक तयार असतात, सेल द्यायला फारसं कुणी पुढे येत नाही, आणि प्रयोग थांबतो तो सेलपायीच.

जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची कार्यशाळा, असेल तर तिथल्या शिक्षकांना भेटा. नीती आयोगाकडून अशा शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. सोल्डरिंग आणि थ्रीडी छपाईची कामं तिथे करून घेता येतात.

आणि कपाटाची चावी. एका शाळेत किल्ली एकाच माणसाकडे होती आणि तो रजेवर गेल्यामुळे सहा आठवडे खोकी बंद राहिली. तेव्हापासून मी खोकी वर्गातच, उघड्या मांडणीवर ठेवायला सांगते. प्रत्येक खोक्यावर यादी आणि दर महिन्याला बदलणारा गट. नट हरवतात, आणले की भरून निघतात.

परीक्षा बदलल्याशिवाय नाही

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. त्यांनी शाळांना साहित्याचे संच दिले. पण माझ्या मते त्यांचं खरं शहाणपण परीक्षेत होतं: पुस्तक उघडून लिहायची परवानगी, आणि सोबत हातानं करायची परीक्षा. प्रयोगवही उतरवून पूर्ण होत असेल तर मुलं उतरवणारच.

तुम्हाला मंडळाची परीक्षा बदलता येत नाही, पण घटक चाचणी तुमच्या हातात आहे. प्रत्येक मुलाला ४ मिनिटं एकटं बाकापाशी बसवा. ‘या धाग्याची लांबी मला माहीत नाही, आवर्तकालावरून सांग’, ‘या चष्म्याचा नंबर काढ’, ‘या तारेत कुठेतरी तुटलं आहे, शोध’. ५४ मुलांना चार बाकांवर मिळून साधारण एक तास लागतो, म्हणजे दोन तासिका. बाकीचा वर्ग त्या वेळी गणितं सोडवेल. गुण उत्तराला अर्धे आणि कसं केलं ते सांगण्याला अर्धे द्या.

दुसऱ्या सत्रात पुन्हा त्याच सहकाऱ्यांना मागे बसवून तक्ता भरा. ज्यांची जागा अजूनही कोरी दिसेल त्या मुलांना पुढच्या महिन्यात खोक्यांची जबाबदारी द्या. संच काढणं, तपासणं, सेल मोजणं यासाठी तासाआधी दहा मिनिटं ती साहित्यासोबत एकटी असतात, आणि तेवढ्यात भीड चेपते.

एप्रिलमध्ये खोकी बंद करताना सगळे सेल होल्डरमधून काढा, मल्टीमीटरमधली बॅटरीसुद्धा. आपल्या पावसात त्या गळतात आणि जूनमध्ये पत्रे हिरवे झालेले सापडतात. भिंगं टिशूमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत कोरड्या तांदळाची पुरचुंडी, म्हणजे बुरशी धरत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला काय कमी आहे ते लिहून ठेवा, कारण जूनमध्ये तो वर्ग कदाचित दुसऱ्या बाईंकडे असेल.